चावरं पातेलं

ब्राह्मण आळीत आता घरं उरली होती थोडी, त्यातलीही निम्मी कुलपातली. भटजी शहरात मुलाकडे गेले, पाठशाळेत पोस्ट आलं. सगळ्या आळीचं म्हणून राहिलं होतं ते एकच, तांब्याचं मोठं पातेलं. कुठलंही कार्य त्याच्यावाचून झालं नव्हतं. ते सांभाळायचं काम काकूंकडे, म्हणून त्यांचं नावच पडलं पातेलेकाकू.

काकूंचा स्वभाव संशयी. दूधवाला पाणी घालतो, पोस्टमन पाकिटं उजेडात धरून बघतो, सून आपल्या माघारी दुसरा चहा घेते. यातलं तिसरं खरं होतं.

आळी सोडून गेलेली मंडळी मुलाबाळांसकट एकदा जमणार होती, म्हणून काकूंनी पातेलं कल्हईला दिलं. कल्हईवाला म्हणाला दोन दिवस, आणलंन आठवड्याने. तेव्हाच काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

त्याने पातेलं अंगणात टेकवलं. काकू ओट्यावरूनच बघत राहिल्या. बाहेरून आलेलं भांडं धुतल्याशिवाय शिवायचं नाही, ही आळीची जुनी रीत. सोवळं केव्हाच सुटलं होतं, सवय तेवढी राहिली होती.

"हे आमचं नव्हे."

"काकू, मग कुणाचं?"

"आमच्याच्या पोटाला पोचा होता."

"ठोकून काढला. वेळ त्यातच गेला."

"आणि बुडाचा काळा डाग?"

"घासला की."

"म्हणजे ओळखीचं होतं नव्हतं ते सगळं तूच पुसलंस! बरं जमतं रे तुला."

कल्हईवाल्याचं तोंड उतरलं. शेजारीण खिडकीत येऊन उभीच होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "काकू, माझ्या बापानेही ह्यालाच कल्हई केली. तुम्ही चोर म्हटलंत तर उद्या गावात मला वाटी तरी देईल का कोणी?"

"चोर कोण म्हणालं? मी एवढंच म्हणाले, पातेलं बदललंय."

"आई, त्यापेक्षा चोर बरं होतं हो," सून आतून म्हणाली.

काकूंनी लांबूनच वरून पाणी ओतलं, भोवती फिरल्या. जितकं बघावं तितकं परकंच दिसे. "सरपंचांना बोलावते मी."

"बोलवा. तोवर आत तरी घ्या. मी आता हात लावायचा नाही."

सासूसुनांनी दोन्हीकडून कड्या धरल्या, उचललं, आणि काकू ओरडल्या, "आई गं!"

पातेल्याची डावी कडी जरा आत वळलेली. उचलणाऱ्याचं बोट तिच्यात आणि काठात हमखास चिमटायचं. आळीत नवी सून आली की बायका तिला मुद्दाम डावीकडे उभं करत. ती किंचाळली की हसत, "झाली गं ही आळीची!" काकूही अशाच झाल्या होत्या. डोळ्यांनी इतका वेळ जे ओळखलं नाही, ते बोटाने एका चिमट्यात ओळखलं.

"एवढं ठोकलंस, मग ही कडी का नाही सरळ केलीस मेल्या?"

"बाप सांगून गेलाय. आळीच्या पातेल्याचं काही ठोक, कडीला हात लावू नको, बायका रागावतील."

काकूंनी चिमटलेलं बोट तोंडात धरलं. मग खिडकीकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "आमचंच आहे गं! चावलं मला! सांग सगळ्यांना, एरवी सांगतेसच." आणि कल्हईवाल्याला म्हणाल्या, "खाली काय उभा राहतोस, ओट्यावर येऊन बस. सूनबाई, दोन चहा टाक."

"आणि माझा?"

"तुझा झालाय."