प्रवेश परीक्षेतली डुलकी

एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत मी झोपले. सुरुवात इथूनच केलेली बरी, नाहीतर सांगता सांगता मी स्वतःला शहाणी ठरवून मोकळी होईन. आजारी नव्हते, चक्कर आली नव्हती. चांगली गाढ झोप लागली. समोर कॉम्प्युटर, आजूबाजूला माझ्या धाकट्या लेकापेक्षाही लहान पोरं-पोरी, आणि त्यांच्या मधोमध पांढरं पातळ नेसलेली एक बाई, डोळे मिटून, सुखात.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. आता चार वर्षांनंतर ती अठ्ठावन्नची बाई मला फार अल्लड वाटते. समोर आली तर कान धरीन तिचा.

रिसोडपासून जवळच आमचा भाजीचा मळा आहे. मेथी, कोथिंबीर, पालक, कडेला वांगी. पाणी, खत, खुरपणी आमचे हे बघतात, आणि विकायचं काम माझं. रिसोडला पहाटे भाजीची हर्रासी होते. एक जण ओरडून बोली चढवतो, व्यापारी बोटं नाचवतात, आणि सूर्य वर यायच्या आत सगळा हिरवा माल कुणाचा तरी होऊन जातो. ज्या बाईची पहाट अशी जाते, तिची दुपार झोपेत जाते. जेवले की निंबाच्या सावलीत गोणपाट टाकायचं, त्यावर आडवं व्हायचं, आणि उन्हं उतरेपर्यंत जग गेलं खड्ड्यात. लग्न झाल्यापासून माझी एकही दुपार जागी गेली नसेल.

अशा बाईला एम.ए. कशाला पाहिजे, असं सगळ्यांनी विचारलं. खरं तर मला एम.ए. नको होतं, वर्ग पाहिजे होता. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लेकरं मोठी झाल्यावर दहावी, बारावी बाहेरून केली, बी.ए. घरबसल्या केलं. पुस्तकं पोस्टानं यायची, मी ती चुलीपुढे नाहीतर विहिरीच्या कठड्यावर बसून वाचायची. पदवी मिळाली, पण मास्तर काही मिळाला नाही. मला बाक पाहिजे होता. फळ्यासमोर उभं राहून "चुकलं" म्हणणारं माणूस पाहिजे होतं. हजेरी घेताना माझं नाव आलं की मोठ्यानं "हजर" म्हणायचं होतं.

वाशिमला पालीच्या एम.ए.चा वर्ग होता, दुपारी भरणारा. पाली निवडली त्यालाही कारण होतं. लहानपणापासून पालीतली बुद्धवंदना मला तोंडपाठ. विहारात सगळ्यांच्या पुढे माझाच आवाज. पण कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की मला लगेच खोकला यायचा.

जागा थोड्या, म्हणून सगळ्यांना एकच प्रवेश परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर.

"आई, एम.ए. बी घरी बसून होते आजकाल," सून म्हणाली.

"घरी बसून बसून त माझं अर्धं आयुष्य झालं. आता मले लोकाईत बसू दे."

तिनं मग मला माऊस धरायला शिकवला. पहिल्या दिवशी मी तो असा दाबला की ती म्हणाली, "अवो आई, इचू नाही तो, मारू नका त्याले." हळूहळू जमलं. एका प्रश्नाखाली चार गोल, त्यातला एक भरायचा, मग पुढे. चार झाडांची चार आळी समजायची आणि एकाच आळ्यात पाणी सोडायचं, असं मी मनाशी ठरवलं. ते मला चांगलं बसलं.

परीक्षा अकोल्याला, दुपारच्या पाळीत निघाली. म्हणजे नेमकी माझ्या झोपेच्या वेळी. कुण्याही शहाण्या बाईनं आदल्या आठवड्यात पहाटेचं उठणं बंद केलं असतं. निदान त्या दिवशी तरी हर्रासीला गेली नसती. आमचे हे म्हणालेही, "आज राहू दे. एक दिवस मेथी उभी राहिली त काय मरते का?"

मी म्हटलं, "मेथी काही पेपर हाय का, पुढच्या साली देऊ म्हनाले?"

हे तोंडानं. आतली गोष्ट वेगळीच होती. मला मिरवायचं होतं. सगळ्या बाजारानं बघायला पाहिजे होतं की ही बाई आज पेपरला चालली. म्हणून मी बुद्धपौर्णिमेला नेसायचं पांढरं शुभ्र पातळ नेसले आणि चिखल गळणाऱ्या मेथीच्या जुड्यांसोबत हर्रासीत जाऊन उभी राहिले.

"काय वो मावशी, आज कायची जयंती हाय?" एका व्यापाऱ्यानं विचारलं.

"जयंती नाही. पेपर हाय माहा. एम.ए.चा."

"मंग एम.ए. झाल्यावर मेथीचा भाव वाढवशान काय?"

"भाव नाही वाढवत. तुले पालीत शिव्या देईन, तुले समजनार बी नाही."

सगळे हसले. मी इतकी खूश झाले की पालक विकणारीला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, जो भेटेल त्याला सांगितलं. मेथी कुणी घेतली ते मला आजही आठवत नाही. मठ्ठा विकणारी बाई म्हणाली, "थंड पिऊन जाय माय, डोकं शांत राहीन." मी प्याले, आणखी प्याले. डोकं फारच शांत राहिलं.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. होळी होऊन गेली होती. शेतं मोकळी, हरभरा निघून गेलेला, मातीवर नुसतं ऊन हलत होतं. पातूरच्या घाटात पळस फुललेला, पान नाही एक, नुसता लाल. बस वळली की तो लाल रंग खिडकीत यायचा, माझ्या पांढऱ्या पदरावर सांडायचा आणि निघून जायचा. मला वाटत होतं की मी कुठे जात नाही, जागच्या जागीच बसले आहे, आणि अकोला आपणहून हळूहळू माझ्याकडे येतंय. खरं सांगायचं तर झोप तिथेच मांडीवर येऊन बसली होती. मी तिला ओळखलं नाही.

परीक्षेच्या जागी दारावर चपला काढायला लावल्या, बांगड्या काढायला लावल्या, फोटो काढला. मग एक काचेचं दार उघडलं आणि आत थंडगार. बाहेर उन्हाचा तवा तापलेला आणि आत हे असं. आम्ही भाजीवर ओलं गोणपाट टाकतो ना, ऊन लागू नये म्हणून, तसं कुणीतरी अलगद माझ्यावर टाकलं. मी मेथीसारखी निवांत झाले.

सुरुवातीचे प्रश्न मी चांगले सोडवले, बरं का. एकाला पाणी दिलं, दुसऱ्याला दिलं. मग एक उतारा आला, नदीविषयी. उतारा वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्या. मी वाचत होते. ती नदी एका डोंगरातून निघत होती आणि पुढे काठावरच्या गावांना काहीतरी देत होती. आजूबाजूला माऊसचा टकटक आवाज. उन्हात सोयाबीनच्या वाळल्या शेंगा तडकतात, एक इथे, एक तिथे, तसा. टक. टक टक. टक.

मग नदी पडद्याच्या कडेवरून खाली उतरली. आश्चर्य काहीच वाटलं नाही. ती टेबलावरून माझ्या मांडीवर आली, तिथून आमच्या मळ्यात. मेथीचे वाफे भरत गेली. बांधावर बाक मांडलेले होते, लांबलचक ओळ, आणि मी पहिल्याच बाकावर. फळा निंबाला टेकवलेला. मास्तरांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता हात आणि खडू. ते विचारायचे, मी उठायची, आणि जमिनीवरच्या चार आळ्यांपैकी बरोबर एकात पाणी सोडायची. पाणी चुकत नव्हतं. वंदनेतले शब्द एकेक करून पाखरासारखे बांधावर उतरत होते आणि आपला अर्थ आपणच सांगत होते, इतका सोपा की मला हसू येत होतं. मग हजेरी सुरू झाली. एकेक नाव. आता माझं येणार, आता माझं. मी तोंड उघडलं…

"आजी. ओ आजी."

खांद्यावर हात होता. परीक्षेवर देखरेख करणारी एक पोरगी, गळ्यात ओळखपत्र, वाकून उभी.

"आजी, वेळ संपत आला. तुमी काहीच करून नाही राह्यल्या?"

मी पडद्याकडे पाहिलं. नदीचा उतारा तिथेच होता, पहिल्या ओळीवर. खाली चार गोल, कोरडे. पुढे गेले, कोरडे. आणखी पुढे, सगळे कोरडे. इतकं पाणी दिलं होतं मी, गेलं कुठे?

"मंग आधी काहून नाही उठवलं मले?"

"मले वाटलं तुमी ध्यान करून राह्यल्या," ती बिचारी कुजबुजली. "पांढरी साडी, ताठ बसेल… म्हटलं ध्यान झालं की करतीन पेपर."

आणि त्या अठ्ठावन्न वर्षांच्या दिवटीनं काय उत्तर द्यावं? "ध्यानच होतं, बाई."

उरलेल्या वेळात दिसेल त्या गोलात टिचक्या मारल्या. मग पडदा आपला आपणच बंद झाला.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "कसा गेला?" मी म्हटलं, "लय अवघड होता." सुनेनं विचारलं, तिलाही तेच. बाजारात तर मी पेपर काढणाऱ्यालाच बोल लावला. मठ्ठेवाली म्हणाली, "जाऊ दे माय, मुद्दामच करतात." मी मान हलवली.

पुढे सुनेनं फोनवर यादी उघडली. वरून खाली, खालून वर पाहिली. मी नव्हते त्यात.

"वाईट वाटू देऊ नका आई," ती म्हणाली. "पेपरच अवघड होता ना."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मला सोसला नाही. मी उठून मळ्यात गेले. संध्याकाळ होत होती. आमचे हे पालकाला पाणी देत होते, पाय चिखलात, हातात फावडं. हा माणूस झाडांशी बोलतो, पाण्याच्या मोटारीशी बोलतो, माणसांपुढे मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटते. एकदाच, मी बाळंतपणाला माहेरी गेले असताना, तो हर्रासीला गेला होता. बोली सुरू झाली, लोक ओरडायला लागले, याच्या तोंडून शब्द फुटेना. कुणीतरी "अरे, मुका हाय का बे?" म्हणालं आणि सगळे हसले. त्यानं भाजी उचलली, वाटेत गाईंना चारली आणि घरी आला. त्यानंतर त्या संध्याकाळपर्यंत त्यानं त्या आवारात पाय ठेवला नव्हता. मी त्याला त्यावरून चिडवत आले, आणि पहाट माझीच राहिली.

मी बांधावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मिरवायला गेले ते, मठ्ठा, गारवा, नदी, ध्यान. यांनी फावडं टेकवलं आणि हसायला सुरुवात केली. आवाज न करता हसतो हा माणूस, नुसते खांदे हलतात. डोळे पुसून पुन्हा हसला. मलाही हसू आलं, आणि मग हसता हसता माझं रडू कधी झालं ते कळलं नाही.

"मले फक्त हजर म्हनायचं होतं," मी म्हटलं. "तेवढंच. आन् आता पुढच्या साली पास झाली बी, तरी वर्ग दुपारचाच भरते. पहाटे हर्रासी आन् दुपारी वर्ग, जमते का कुनाले? तिथं बी झोपनच मी."

वाफा भरला होता, पाणी बांधावरून बाहेर चाललं होतं, आणि पाण्याचा थेंब वाया न घालवणारा हा माणूस ते नुसता बघत उभा होता. मग त्यांनी वाकून बारं मोडलं, पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"उद्यापासून हर्रासीले मी जातो. लोक हासले त हासू दे. तू पयले दुपारचं जागी राहाले शिक, वर्गात घोरशीन त मास्तर मलेच बलावतीन."