पाच-नऊचं सौजन्य

माणसाला सभ्यपणे खोटं बोलायला शिकायचं असेल, तर त्याने हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा, परवाना काढावा. परीक्षा द्यावी लागते, पोलीस घरी येऊन चौकशी करून जातात, मग सरकार एक कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, देतं, आणि तिथून पुढे जन्मभर एकमेकांना 'पाच-नऊ' म्हणत बसायचं. या पाच-नऊचा अर्थ आधीच सांगून टाकतो. समोरच्याचं बोलणं आपल्याला कसं मिळालं, ते दोन आकड्यांत कळवायचं असतं. पहिला आकडा शब्द किती समजले त्याचा, पाचपैकी, तो कानाने ठरवायचा. दुसरा सिग्नल किती जोरात आला त्याचा, नऊपैकी, तो सेटवरच्या काट्याकडे बघून सांगायचा. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. नियम असा आहे. रीत मात्र अशी की काहीही झालं तरी समोरच्याला पाच-नऊच द्यायचं. लग्नात मुलीच्या बापाने जेवण कसं झालं विचारलं की सगळे छान म्हणतात, त्यातलाच प्रकार. मीही वर्षानुवर्षं असे पाच-नऊ वाटत आलो, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. तरी करणार आहे.

माझी सगळी नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात गेली. राहायला पालघरला, सकाळी कंपनीच्या बसने बोईसर, संध्याकाळी कंपनीच्या बसने परत. काम मीटर दुरुस्त करण्याचं. टाकीत दाब किती, पाइपात उष्णता किती, हे दाखवणारे काटे नीट चालतात की नाही ते बघायचं. काटा खोटं बोलू शकतो हे मला पगार घेऊन शिकवलं गेलं होतं. निवृत्त झालो, आणि पुढे बायको गेली. मुलगा पुण्याला. पालघरच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी आणि टीव्ही, असे दोघं उरलो. वर गच्ची होती, तिची किल्ली माझ्याकडे होती, आणि केळव्याला दादा होते.

दादा नात्याचे कोणी नव्हेत, माझ्याहून मोठे म्हणून दादा. जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून जग फिरले आणि शेवटी केळव्याला स्वतःच्या नारळ-सुपारीच्या वाडीत येऊन बसले. मला हा नाद त्यांनीच लावला. त्यांचा सेट जुना, वजनदार, खऱ्याखुऱ्या काट्याचा. अँटेना माडाला बांधलेल्या बांबूवर. फोन ते उचलत नसत. फोन वाजला तर वहिनी घेणार आणि म्हणणार, ते वाडीत आहेत. "बोलायचंय ना? मग हवेवर या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते फार आवडायचं. आम्ही दोघं इतरांपेक्षा काहीतरी वेगळे आहोत असं वाटायचं. म्हातारपणी माणसाला एवढं पुरतं.

बायको गेल्यानंतरच्या पावसाळ्यात माझा घरातला सेट विजेच्या कडकडाटात जळाला. तेव्हा मी हातातला सेट घ्यायचं ठरवलं. दादांनी वहिनींकरवी फोनवर कळवलं, साधा घ्या. पण मी काय साधा घेतोय! आमच्या हॅम क्लबातल्या मंडळींनी मला आधीच हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं. 'काका, आता घेताय तर चांगला घ्या.' मी महिनाभर व्हिडिओ बघितले. कारखान्यात लाखोंची यंत्रं घेतानासुद्धा आमच्या साहेबांनी एवढा अभ्यास केला नसेल. शेवटी जो घेतला त्यात नव्हतं असं काही नव्हतं. दोन बँड, एका वेळी दोन्हीकडे कान. रंगीत पडदा. पाण्यात पडला तरी चालणारा. उपग्रहावरून आपण कुठे आहोत ते सांगणारा, हवेचा दाब आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा. वायर न जोडता हेडफोन चालायचा. त्याचं पुस्तक बायबलएवढं जाड, आणि मेनूत शिरलं की बाहेरची वाट सापडायची नाही. मी दादांच्या घराचं ठिकाण त्यात साठवून ठेवलं. गच्चीवर उभा राहिलो की पडद्यावर बाण यायचा, नैऋत्येकडे, आणि खाली अंतर, दहा किलोमीटर आणि वर थोडं. पहिल्या दिवशी ते बघून मला चक्क भरून आलं. मूर्खपणाच होता, पण आलं खरं.

पहिलाच कॉल केला. दादा म्हणाले, "पाच-नऊ. एकदम कडक सिग्नल. अभिनंदन." क्लबच्या संध्याकाळच्या हवेवरच्या हजेरीतही सगळ्यांनी पाच-नऊ दिलं. मी पेढे वाटले.

मग रोज संध्याकाळी मी गच्चीवर जाऊ लागलो. सूर्य शिरगावकडे उतरायला लागला की दादांना हाक मारायची. सुरुवातीला हवापाण्याच्या गप्पा. मग हळूहळू मी बोलत गेलो. वायरलेसची एक गंमत आहे, बटण दाबून ठेवलंय तोवर समोरचा मध्ये बोलू शकत नाही. घरात, नातेवाइकांत, मला कधी कोणी एवढं सलग बोलू दिलं नव्हतं. बायकोच्या शेवटच्या आजारपणातल्या काही गोष्टी मी कोणाला सांगितल्या नव्हत्या, मुलालाही नाही. त्या मी एका संध्याकाळी दादांना सांगितल्या. ती शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती, आणि मला तिचा राग यायचा, हे सांगितलं. बटण सोडलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग दादांचा आवाज आला, "रॉजर, रॉजर. सगळं मिळालं. असंच चालू द्या." मला वाटलं, केवढा मोठा माणूस! सांत्वनाचं एक पोकळ वाक्य नाही, उपदेश नाही. मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

मग मुलाने विषय काढला. पालघरचा फ्लॅट विकून टाका आणि पुण्याला या, तिथे आपण मोठं घर घेऊ, तुम्हाला वेगळी खोली देऊ. एकटे काय करता तिथे, हे त्याचं पालुपद. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं आणि तीच पंचाईत होती. वाईट असतं तर मी भांडलो असतो. मला जायचं नव्हतं. हा फ्लॅट बायकोने निवडलेला, स्वयंपाकघराची फरशी तिने विरारपर्यंत हिंडून पसंत केलेली. पुण्यात माझ्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पण 'मला यायचं नाही' एवढं एक वाक्य मुलासमोर उभं राहून म्हणायला मला कोणाचातरी आधार हवा होता. कोणीतरी शहाण्या माणसाने म्हणायला हवं होतं की नका विकू.

म्हणून दादांना विचारलं. एकदा नाही, त्या महिन्यात कितीतरी वेळा. दोन्ही बाजू मांडल्या. मुलाचं काय म्हणणं, माझं काय म्हणणं. शेवटी एकदा सरळच विचारलं, "दादा, विकून टाकू का? तुम्ही सांगाल ते." खरखर झाली. मग दादा म्हणाले, "बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. पाच-नऊ." आणि यंदा सुपारी कशी उतरली त्याकडे वळले.

मी सेट बंद केला. म्हटलं, या माणसाने जग पाहिलंय, तो विका म्हणतोय, तर आपला हट्ट आता पुरे. दुसऱ्या दिवशी मुलाला फोन करून हो म्हटलं. कोळगावला जिल्ह्याचं मुख्यालय आल्यापासून पालघरात घराला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. तिथल्याच कचेरीतलं एक जोडपं आलं, त्यांना स्वयंपाकघर आवडलं, फरशी तेवढी बदलू म्हणाले. कागद झाले, नोंदणी झाली, बायकोच्या साड्या तिच्या बहिणींकडे गेल्या. बांधाबांध जवळजवळ संपली, तेव्हा मी केळव्याला दादांचा निरोप घ्यायला गेलो. सेट बरोबर होता, सवयीने.

फाटक ढकलून आत गेलो. दादा ओटीवर सुपाऱ्या निवडत बसले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी जरा ओशाळलोच. वहिनींनी शहाळं आणून दिलं. मी दादांच्या जवळ खुर्ची ओढली, त्यांनी उजवा कान पुढे केला आणि हसत विचारलं, "मग? पोरगा काय म्हणतो? येतो का नाय कधी बघायला? इथंच राहणार ना तुमी?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत.

"दादा, फ्लॅट विकला. तुम्हीच तर विका म्हणालात," मी म्हटलं. त्यांना कळेना. मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे वहिनींकडे गेले. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवो भाऊजी, यांना कुठं ऐकू येते? काटा हलला का पाच-नऊ म्हणतात. मी बाजूलाच असते, तुमचं मला बी काय नाय समजायचं. बारीक, भिंतीपलीकडं कोणी बोलते तसं."

दादांनी हात पुढे केला. मी सेट दिला. चष्मा कपाळावर सरकवून ते मेनूत शिरले, आणि मला जे कधी सापडलं नव्हतं ते त्यांना सुपारी फोडायला लागतो तेवढ्या वेळात सापडलं. "हा बघा, नॅरोवर, अरुंद पट्टीवर ठेवलाय तुमी," ते म्हणाले. "माझा जुना, तो वाइडवाला, रुंद पट्टीचा. काटा पुरा जाणार आणि आवाज चिमणीचा." त्यांनी ती एक ओळ बदलली आणि सेट माझ्या मांडीवर ठेवला.

"मग सांगितलं का नाहीत?" मी ओरडलोच. ऐकू जावं म्हणून ओरडलो असं नंतर मनाला समजावलं, पण ते खरं नाही. मी चिडलो होतो.

"पहिल्या दिवशी वाटलं, माझेच कान," दादा म्हणाले. "जहाजावर हेडफोन लावून गेलेच आहेत ते. आणि तुमी एवढ्या हौसेनं सेट घेतलेला. कोण सांगणार, समजत नाय म्हणून? मग रोजचंच झालं. तुमी येताय, बोलताय, काटा जातोय. बरं वाटायचं."

बरं वाटायचं! मी माझी बायको त्या काट्यासमोर पुन्हा एकदा मरू दिली होती, आणि यांना बरं वाटायचं. क्लबातल्या एकाला मी नंतर विचारलं, तर तो म्हणाला, "काका, तुमचा आवाज पहिल्यापासून बारीकच होता. पण नवीन सेटवाल्याला असं तोंडावर सांगणं वाईट दिसतं ना." दिसतं बाबा, वाईट दिसतं. पेढे खाताना नाही दिसलं.

मग दादांनी मला सगळं विचारून घेतलं. मुलगा काय म्हणाला, मी काय म्हणालो, कागद कधी झाले. गच्चीवरून जे महिनाभर सांगितलं ते मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून मोजक्या वाक्यांत सांगितलं. "मी तर नका विकू असंच म्हटलं असतं," ते म्हणाले. "आपण मेलो का मग विकू दे ना त्याला. तवर कशाला?" एवढंच वाक्य मला हवं होतं. कोणत्याही संध्याकाळी मिळालं असतं तर मी मुलाला तोंड देऊ शकलो असतो.

वहिनी रिकामं शहाळं उचलायला आल्या. "भाऊजी, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण येवढं मोठं विचारायचं व्हतं तं यायचं ना इकडं. पालघरची एसटी वाडीच्या समोरच थांबते. फाटक काय आमी लावत नाय."

वर्षभराच्या वर मी गच्चीवर उभा राहून त्या बाणाकडे बघत होतो, दहा किलोमीटर आणि वर थोडं, आणि त्या दिशेला जाणारी बस रोज माझ्या खिडकीखालून वळत होती. हे मला सुचलंच नव्हतं. आम्हा रेडिओवाल्यांना असलं काही सुचत नाही.

"कधी निघणार मग?" वहिनींनी विचारलं.

"सोमवारी," मी म्हटलं.

दादांना ते ऐकू गेलं नाही. ते आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते, हातात सुपारी तशीच. वहिनी वाकल्या, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "सोमवारी जातात ते. कायमचं."