एकदा येऊन गेलेला ताप

उदगीरच्या एसटीत मला बसवत नव्हतं. लातूरच्या कॉलेजात सकाळी सरांनी इन्फ्लुएंझाचा विषाणू शिकवला होता आणि तो माझ्या डोक्यात मावत नव्हता. एवढुस्सा जीव, धड जिवंत म्हणावा असाही नाही, पण अंगावर दोन तऱ्हेचे काटे. एकानं पेशीला चिकटून आत शिरायचं, तिथं तिच्याकडूनच आपल्या नकला काढून घ्यायच्या आणि दुसऱ्यानं सुटून बाहेर पडायचं. गंमत म्हणजे या नकला काढताना सारख्या चुका होतात. चुकता चुकता काट्यांचं रूपच पालटतं, नि मागच्या साली त्याला ओळखून बसलेलं आपलं रक्त यंदा त्याला ओळखतच नाही. स्वतःच्या चुकांवर जगणारा गडी! कधी एकदा घरी जाऊन सांगते असं झालं होतं.

घरी थोरला भाऊ तापानं फणफणला होता आणि त्याच्या उशाशी वहिनी, दिवस भरत आलेली. आमच्याकडं रीतच होती. गोवर असो की कांजिण्या, ज्याला येऊन गेलंय त्यानं आजाऱ्यापाशी बसायचं.

"हिला कशाला बसवलंस?" मी मायला विचारलं.

"तिला मागच्या साली हाच ताप येऊन गेला की. एकदा आला की पुन्हा येत न्हाई."

"माय, हा गोवर न्हाई. हा रूप बदलतो. आन् पोटुशी बाईला लई वाईट."

"कॉलेजात हेच शिकून राहिलीस का?"

मी इरेला पेटले. त्या साली दुष्काळ होता; गावाला प्यायला पाणी नव्हतं, पण उस्मानाबादेतून फुटून नुकत्याच झालेल्या लातूर जिल्ह्याच्या पाट्यांना रंग बरा मिळाला होता. म्हटलं, "आपल्या गावच्या पाटीवर जिल्हा उस्मानाबाद होतं, आता लातूर झालं. गाव तेच ना? पण जुन्या पाटीवरून गाव ओळखणारा चुकंल का न्हाई? तसंच हाय हे."

माय उठली. मग वहिनीला हाताला धरून तिनं मागच्या खोलीत नेलं. मी नाचायचीच बाकी होते. भावापाशी बसायला पुढं झाले तर मायनं मला बाजूला सारलं आणि तोंडाला पदर बांधला.

"तुला बी मागच्या साली आला होता," मी म्हटलं. "म्हंजे तुला बी सूट न्हाई."

"हाव, कळलं," म्हणाली आणि बसली.

भाऊ तापातून उठला आणि माय त्याच तापानं पडली. माझं शास्त्र खरं ठरलं, आणि ते खोटं ठरावं म्हणून मी देवाला हात जोडत होते. कपाळावरची पट्टी बदलताना तिनं डोळे उघडले.

"सुनंला आला का?"

"न्हाई."

"मग बरोबर शिकून राहिलीस," म्हणाली आणि कुशीवर वळली.