नुसतं कालवण

"पॅपिलरी कार्सिनोमा," डॉक्टर म्हणाले. म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग. आईने टेबलावर मूठ आपटली. "कापा मंग. बसलाव कशाला?" कोपरीच्या बाजारात आयुष्यभर मासे कापून तिने मला बी.कॉम. केलं. घरातला पहिला पदवीधर मी.

ऑपरेशनने ग्रंथी काढली. गळ्यातल्या गाठींत उरलेल्या पेशींसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन द्यायचं ठरलं. म्हणजे किरणं सोडणारं आयोडीन. पेशी ते ओढून घेतात आणि आतून जळतात.

त्याआधी साध्या आयोडीनचं पथ्य. पुड्यातलं आयोडीन घातलेलं मीठ, मासे, अंडी, दूध बंद.

"पेशी भुकेल्या हव्यात," डॉक्टर म्हणाले. "पोट भरलेल्याला पंगतीत बसवून काय उपयोग? औषध लघवीवाटे निघून जाईल आणि गाठी तशाच राहतील."

थायरॉइडची गोळीही बंद होती. आईचं तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला. राग तर विचारू नका. अळणी भाजीचं ताट तिने माझ्या छातीवर फेकलं. "मढ्याला घाल ह्ये!" शेजारीण सोडवायला आली, तिच्यावर तांब्या भिरकावला. तरी माझ्यासाठी मासे रोज शिजायचे.

भरती व्हायच्या आधी लघवी तपासली. आयोडीन भरपूर. डॉक्टरांनी तारीख रद्द केली. "गाठी वाढतायत. आणखी उशीर परवडणार नाही."

घरी शेगडीवर बोंबलाचं कालवण होतं. "खोटारडी!" मी ओरडलो आणि टोप भिंतीवर आपटला. लाल रस्सा खाली ओघळला.

"येक तुकरी तोंडान घातली नाय! निस्ता कालवन घेतला!" तिने पितळी पळी हाणली. दुसरा फटका माझ्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. तिसरा उगारतानाच ती धापा टाकत कोसळली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझं प्लास्टर बघितलं. मी कालवणाचं सांगितलं. "रश्श्यातही आयोडीन उतरतं," एवढंच म्हणाले.

पुन्हा पथ्य. आता मीही अळणी जेवलो. या वेळी लघवीत आयोडीन नावापुरतं. आईला औषधाची कॅप्सूल दिली आणि तिच्या अंगातून किरणं येणार म्हणून जाड दाराआड एकटीला ठेवलं. पेशींनी न घेतलेलं आयोडीन लवकर बाहेर पडावं म्हणून पाणी पीत राहायचं. मळमळीने तिला पिळून काढलं. फोनवर शिव्या यायच्या. त्या ऐकल्या की मला धीर यायचा.

मग स्कॅन झालं. "गाठींनी औषध घेतलंय," डॉक्टर म्हणाले. "उरलेलं बहुतेक निघून गेलंय." मी डाव्या हातानेच त्यांच्या पाया पडलो.

मासे खायला आणि जवळ बसायला परवानगी मिळाली त्या दिवशी आईने पापलेट आणलं. मला काटे काढता येईनात. तिने ते काढले आणि सगळ्या तुकड्या माझ्या ताटात टाकल्या.

"तुला?"

"मना निस्ता कालवन. तू लहान व्हतास तवापासना त्येच खाते."

तुमच्या घरी ही वेळ आली, तर पथ्याचा कागद वाचून थांबू नका. आईच्या ताटात रोज काय पडतं, ते आधी बघा. मी कधीच बघितलं नव्हतं.

मी एक तुकडी उचलून तिच्या तोंडात कोंबली.

"डाव्या हातान भरवतंस, मेल्या?" ती म्हणाली, आणि तुकडीबरोबर माझ्या बोटालाही करकचून चावली.