निकाल सांगायचा नाही

नऊ महिन्यांत विनिता खरात पोकरच्या सहा स्पर्धा खेळली आणि सहाही वेळा हात हलवत परत आली. सहाव्या वेळी तर तिच्या हातात दोन एक्के होते.

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, मधे सगळ्यांचे मिळून पाच उघडतात आणि त्यांतून ज्याचा संच भारी, त्याचा डाव. सुरुवातीला दोन एक्क्यांपेक्षा चांगलं काही मिळूच शकत नाही. पणजीला त्या स्पर्धेत दोनशेबाराजण बसले होते, त्यातले एकतीस उरले होते. विनिताने सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. समोरच्याने दोन नव्व्या दाखवल्या. असा डाव पाचातून चार वेळा तिचाच असतो. शेवटचा पत्ता उघडला, तिसरी नव्वी. विनिता उठली, समोरच्याशी हात मिळवला आणि बाहेर आली. मडगावहून ठाण्यापर्यंत तिने कुणाचाही फोन घेतला नाही.

विनिता छत्तीस वर्षांची. मानपाड्याच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ती लॅबमध्ये केमिस्ट आहे. कोपरला दोन खोल्यांत ती आणि तिची आई रंगूबाई, दोघीच राहतात. वडील जगन खरात जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना लॉटरीचा नाद होता. रोज संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर आकडे बघायला जायचे, आणि परत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरूनच आईला काय ते कळायचं.

म्हणून त्या दिवशी एक्क्यांची हकीकत ऐकून रंगूबाई म्हणाली, "तुझ्या बापाचं बी असंच व्हायचं. एका आकड्यानं हुकायचं."

"आई, ती लॉटरी होती. हे वेगळं आहे."

"काय वेगळं? ते बी हरून यायचे, तू बी हरून येतीस. टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन ये एकदा."

विनिताला हरण्यापेक्षा ते जास्त लागलं.

तिला पोकर शिकवलं रत्नदीपने. तो पूर्वी त्याच कारखान्यात डिस्पॅचला होता, आता शहाडला गणिताचे क्लास घेतो. एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला सहकाऱ्याच्या घरी तीन पत्ती रंगली होती. सगळे हौसेने पैसे लावत होते आणि विनिता दहातले आठ डाव पॅक करत होती. निघताना रत्नदीप तिला म्हणाला, "तू काय खेळतेस ते नाही, काय सोडून देतेस ते बघत होतो मी." तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती शहाडला जाऊ लागली. क्लासच्या बाकांवर चार-पाचजण जमायचे आणि प्रत्येकजण आपापले खेळलेले डाव सांगायचा. नियम एकच होता. डाव सांगायचा, निकाल सांगायचा नाही. जिंकलो की हरलो हे कळलं की माणसं निर्णयाकडे बघतच नाहीत, असं रत्नदीपचं म्हणणं.

गोव्याहून आल्यावरच्या रविवारी विनिताने एक्क्यांपासूनच सुरुवात केली.

रत्नदीपने मधेच थांबवलं. "एक्के होते, सगळ्या चिप्स लावल्यास. बरोबर केलंस. पुढचा डाव?"

"पुढचा डाव नव्हताच! मी बाहेर गेलेले. त्याला तिसरी नव्वी..."

"निकाल नको. पुढचा नाही ना? मग आधीचा सांग."

ती चिडली. एवढं झालं, आणि या माणसाला त्याचं काहीच नाही. तरी ती आठवून आठवून मागे जाऊ लागली. तासाभराने ती एका डावापाशी अडखळली. तिच्याकडे दोन राण्या होत्या, मधे राजा पडला होता. समोरच्या वयस्कर गृहस्थांनी तासभर काही लावलं नव्हतं, त्यांनी एकदम मोठी रक्कम पुढे सरकवली. त्यांच्याकडे राजा असणार हे तिला दिसत होतं. तरी ती शेवटपर्यंत त्यांच्यामागे गेली आणि निम्म्या चिप्स घालवून बसली.

"दिसत होतं तर गेलीस का?" रत्नदीपने विचारलं.

विनिता म्हणाली, "त्याच्या आधीचा डाव नशिबाने गेलेला. मला माझं परत हवं होतं."

रत्नदीपने फळ्यावर दोन आकडे लिहिले. राण्यांच्या डावात घालवलेल्या चिप्स तिच्याकडे असत्या तर नव्वीवाल्यापेक्षा तिच्या चिप्स जास्त भरत होत्या. तिसरी नव्वी आली असती तरी ती टेबलावर राहिली असती. फटका बसला असता, एवढंच.

"वाईट पत्ता सगळ्यांनाच येतो," तो म्हणाला. "जे रोज यावर जगतात त्यांनाही. फक्त तो आला तरी बाहेर जावं लागू नये, एवढं ते शिल्लक ठेवतात."

विनिता ते दोन आकडे बघत राहिली. नव्वीला तिने आठवडाभर शिव्या दिल्या होत्या.

पुढचे सात महिने ती कुठल्याच स्पर्धेला गेली नाही. ऑनलाइन पैसे लावून खेळणं कायद्याने बंद झालं, तेव्हा रविवारी जमणाऱ्यांतले दोघे गळाले. ती मात्र कामावरून आली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर तासभर पत्ते मांडायची आणि आई भाजी निवडता निवडता बघायची.

एका रविवारी रत्नदीप तिच्याशी एकटाच खेळायला बसला. पहिल्या डावात तिचे पत्ते भारी, शेवटच्या पत्त्यावर तो जिंकला. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही. चौथ्या वेळी विनिताने पत्ते खाली ठेवले.

"पत्ते आधीच लावून ठेवलेत ना?"

"हो."

"मग खेळायचं कशाला?"

"तू काय करतेस ते बघायला. तिसऱ्या डावानंतर तू पत्ते न बघताच दोन चिप्स टाकल्यास."

तिला ते आठवतही नव्हतं. ती पाणी प्यायली, तिने ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "पिस. परत लाव." दुपारी दीडपर्यंत ती हरत होती.

नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा पणजीला गेली. दोन दिवसांची स्पर्धा, दोनशेचाळीसजण. दुसऱ्याच तासाला दोन राजांवर तिने सगळ्या चिप्स लावल्या आणि समोरच्याला जोडीचा एक्का आला. समोरच्यापेक्षा तिच्या चिप्स थोड्या जास्त होत्या, म्हणून ती वाचली. पण टेबलावर सगळ्यांत कमी तिच्याच उरल्या. ती उठली, तोंडावर पाणी मारून आली, बसली. पुढचा डाव तिने दोनदा बघितला आणि टाकून दिला. त्याच्या पुढचाही. शेजारचा माणूस तिच्याकडे बघून हसला, "मॅडम, झोप लागली का?"

दीड तास ती टाकून देत राहिली. पोकरमध्ये नुसतं बसूनही भागत नाही. आळीपाळीने प्रत्येकाला सक्तीने काही चिप्स टाकाव्या लागतात, त्यात ढीग झिजत जातो. मग एकदा सगळ्यांनी पत्ते टाकले आणि तिच्यानंतर खेळायला फक्त दोघे उरले, दोघेही जपून खेळणारे. विनिताच्या हातात किरकोळ पत्ते होते. तिने सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. दोघांनीही सोडून दिलं. पुढच्या तासात तिने हे आणखी तीनदा केलं. चांगला पत्ता एकदाही आला नव्हता. जागा आणि माणसं बघून ती तगली होती. संध्याकाळी दोन अठ्ठ्यांवर तिचा ढीग दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या नऊजणांत ती होती, मग पाचांत, मग तिघांत. तिथे तिच्या एक्का-राजासमोर एक्का-गुलाम आले आणि मधे गुलाम पडला. तिसरी.

तिने हात मिळवला. मग बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडली, कशासाठी ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

घरी रंगूबाईने पेढे आणले. "नशीब उघडलं म्हणायचं."

"नाही गं आई, नशीब तसंच आहे. शेवटी पण एका पत्त्यानेच गेले."

रंगूबाईला ते पटलं नाही. पण पेढा देता देता ती मुलीच्या चेहऱ्याकडे नीट बघत होती. जगन हरून आले की कसे दिसायचे ते तिला पाठ होतं, तसं इथे काही नव्हतं.

जानेवारीत विनिता परत गेली आणि चाळीस मिनिटांत बाहेर पडली. दोनशेजणांत एकशेनव्वदावी वगैरे. दुसऱ्या दिवशी दारात बॅग ठेवतच होती, तर रंगूबाईने विचारलं, "या बारी काय चुकलं?"

विनिताने चपला काढता काढता प्रत्येक डाव मनात पुन्हा खेळून पाहिला.

"काहीच नाही."

"मग?"

"मग मार्चमध्ये परत जायचं."

रंगूबाईने बॅग उचलून आत नेली. "थालीपिठं टिकतील का तीन दिस?" आतून आवाज आला. "का दशम्याच देऊ?"