आप्पांच्या फोटोवरचा पतंग

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, मधेच हसलात की माझं डोकं फिरतं. मी माझ्या हातानं माझा पोपट केला, आणि तोही भांडण जिंकून! हरलो असतो तर आज सुखात असतो.

सांगलीतला डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून मी कोरेगावला घरी आलो होतो. का सोडला? सोडला. माधवनगरच्या एका गॅरेजवाल्यानं एक तारखेपासून ये म्हणून सांगितलं होतं. मला गाड्या खोलायला आवडतं, विषय संपला. पण आमच्या नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, त्यांच्या हुकमाशिवाय विषय संपलेला चालत नाही. सुभेदार म्हणून रिटायर झाले, पण घरात अजून ड्यूटी चालूच. मला साताऱ्याच्या भरती अकादमीत घालायचं हा त्यांचा हट्ट, तेही एक तारखेलाच.

अशात एका सकाळी सोप्यातल्या, म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीतल्या, आप्पांच्या फोटोवर काहीतरी दिसलं. आप्पा म्हणजे माझे आजोबा. हवालदार होते, वारून बरीच वर्षं झाली. फोटोच्या काचेवर तळहाताएवढं कापड चिकटलेलं. हिरव्यावर पांढुरके, गुलबट, तपकिरी पट्टे, हुबेहूब जवानांची वर्दी! मला वाटलं नानांचा रुमाल. झटकायला गेलो तर रुमाल थरथरला आणि त्याला पाय निघाले! मी जी बोंब मारली ती स्टेशनपर्यंत गेली असेल.

नाना धावत आले. बघितलं, टाचा जुळवल्या आणि, शप्पथ सांगतो, सॅल्यूट ठोकला!

"आप्पा आलं!"

"नाना, किडा हाय त्यो."

"वर्दीत आल्यात. कशापायी? पोराला भरती करा म्हणून सांगाय आल्यात!"

"आवं, आप्पांच्या वेळी असली नक्षीची वर्दी कुठं होती? फोटोत बघा की, साधी हिरवी हाय!"

नाना जरासुद्धा अडखळले नाहीत. "वर गेल्यावर नवी इश्यू झाली असंल."

बोला! तोवर आई हळदीकुंकू घेऊन आली. तिला बघून ते पाखरू खिडकीतून उडालं, तर म्हणे आशीर्वाद देऊन गेले. आमच्या घरातल्या मोठ्यांना पोराचं ऐकायचं नसलं की मेलेली माणसंसुद्धा त्यांच्याच बाजूनं उठून येतात!

उडायच्या आधी मी त्या पाखराचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. त्यावरच शोधलं, सापडलं. कण्हेरीच्या पानांवर वाढणारा पतंग. नानांच्या नाकापुढे धरलं.

"मोबाईलचं मला सांगू नगंस. परवा त्येनं रस्ता दावतो म्हणून मला उसात घातलं."

माझी सटकली. "मग असला आप्पा मी अळी पाळून डब्यातनं काढून दावतो!"

आईनं कानांवर हात ठेवले. नाना मात्र थंड. "दाव. न्हाई निघाला तर एक तारखेला अकादमी."

"आणि निघाला तर माधवनगर!"

"व्हय. सुभेदाराचा शब्द."

दारातली कण्हेर पालथी घातली. सापडली! बोटाएवढी हिरवी अळी, डोक्याशी दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके, शेपटीला काटा. बिस्किटांच्या डब्यात घातली. आणि काय ते खाणं! लग्नाच्या पंगतीत आमचे पाहुणे जेवतात तसं. पहाटे पाचला उठून कोवळी पानं आणायची, लेंड्या झाडायच्या, मुंग्या चढू नयेत म्हणून डब्याखाली पाण्याची ताटली ठेवायची, वहीत नोंद करायची. कॉलेजात पहिला तास कसा असतो ते न बघितलेला मी, गजर न लावता उठत होतो!

मग अळी तपकिरी पडली, पानांखाली शिरली आणि तिचा कोष झाला. त्यानंतर काहीच नाही. दिवसामागून दिवस नुसता कोष. नाना रोज डब्याशी येऊन विचारायचे, "काय म्हनत्यात आप्पा?" मी दात खाऊन नोंद करायचो.

तीस तारखेला सकाळी चहाच्या वेळी डब्यात खुडखुड झाली. मी गल्ली गोळा केली. कोष फुटला आणि बाहेर आली एक ओली, चुरगळलेली चिंधी.

"इस्त्री न्हाई," नाना म्हणाले.

गल्ली खो खो हसली. थांबा म्हटलं! अर्ध्या तासात पंख उलगडत गेले आणि तीच वर्दी, पट्ट्याला पट्टा! मी सोप्यात नाचलो. "करा आता सॅल्यूट! करा की!"

नानांनी वाकून बघितलं. "पतंगच हाय. मी चुकलो."

ऐकलंत? सबंध गल्लीसमोर! जन्मात पहिल्यांदा! मला कुणीतरी खांद्यावर घ्यायला हवं होतं.

नानांनी माझी वही उचलली, पान न् पान चाळलं. "रोज पाचला. एक दिस खाडा न्हाई."

"मग?"

"काय न्हाई. उद्या मी सोता माधवनगरला सोडतो. आन् अकादमी तुला झेपायची बी न्हाई गड्या. तितं पळाय लागतंय. अळी सांभाळणं येगळं."

आता गप्प बसायचं की नाही? जिंकलेला माणूस गप्प बसतो. मी, सगळ्या गल्लीसमोर, पतंग अजून पंख वाळवत असताना, ओरडलो, "चार दिवस पळून दावतो, मग जातो माधवनगरला!"

"बॅग भर," नाना म्हणाले.

हे मी साताऱ्याहून लिहितोय. चार दिवसांचा दुसरा महिना चालू आहे. काल सोळाशे मीटरला सबंध बॅचमध्ये पहिला आलो, आणि नालायकासारखा आनंदसुद्धा झाला. आता राग कुणावर काढू?