शॉयफेलेबाईंची पाटी

आमच्या स्टुटगार्टच्या इमारतीत ज्याची त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी, त्याच्या दाराला तळमजल्यावरच्या शॉयफेलेबाई पाटी लटकवतात. चाळीस वर्षं बाईंनी आम्हाला धाकात ठेवलंय.

वरच्या मजल्यावर अमेरिकन सार्जंट टकर आणि त्याची बायको लोरीन राहायला आले. दारावरची पाटी त्यांना स्वागताची भेट वाटली. लोरीनने ती कौतुकाने दिवाणखान्यात टांगली. तीन आठवडे जिना तसाच. पाटी नाही तर आम्ही तरी झाडू का उचलावा?

"लष्करात हेच शिकवतात का रे?" बाईंनी टकरला भर जिन्यात झापलं.

त्याने पाटी भिंतीवरून काढून बाईंना दिली आणि जिना लख्ख केला. पुढचा आठवडा बाईंचा. शनिवारी टकर पांढरे हातमोजे घालून खाली आला, कठड्यावरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट बाईंना दाखवलं आणि त्यांनी पुढच्या घरासाठी काढलेली पाटी पुन्हा त्यांच्याच दाराला अडकवली.

"हेच शिकवतात, बाई."